घोड्याचं इंजेक्शन

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्री साडेअकराला माझ्या होस्टेलच्या जुन्या रूममेटने व्हॉट्सॲपवर एका रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ : ‘वाच आणि कुणाला बोलू नकोस.’ आता हे सगळं त्याला विचारूनच लिहितोय, हे आधी सांगून टाकतो.

रिपोर्ट वीर्यतपासणीचा होता. शुक्राणूंच्या रकान्यात शून्य. लग्नाला तीन वर्षं झालेली. बायकोच्या तपासण्या वर्षभर चालल्या होत्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, सगळं झालं आणि काही निघालं नाही. मग कुणीतरी म्हणालं, एकदा यांचीही करून बघू.

मी लगेच फोन लावला.

‘‘डॉक्टरांनी विचारलं, जिमला जाता का? इंजेक्शनं घेतलीत का? मी नाव सांगितलं. तर म्हणाले, अहो, हे घोड्याचं औषध आहे, माहीत होतं ना?’’

‘‘मग? होतं माहीत?’’

‘‘अरे, बाटलीवर घोड्याचं चित्रच होतं. मला वाटलं, ब्रँडिंग आहे.’’

दोघंही हसलो. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. कोडमध्ये गडबड सापडली की मी आधी मागे जात जात शोधतो, की ही भानगड नेमकी कुठल्या बदलापासून सुरू झाली. त्या रात्री आणि नंतरच्या बऱ्याच रात्री मी तेच केलं. मला दोन गोष्टी हव्या होत्या. नराला नराचंच हार्मोन दिलं तर त्याची पैदास बंद कशी पडते? आणि हे जगाला कधीपासून माहीत होतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तेव्हा मला खरंच राग आला.

कोंबडा, प्रोफेसर आणि बैल

‘खच्चीकरण’ हा शब्द आपण रोज वाचतो. कार्यकर्त्यांचं खच्चीकरण, पोलिसांचं खच्चीकरण. मुळात हा शब्द गोठ्यातला आणि तबेल्यातला. बैल किंवा घोडा खच्ची करायचा म्हणजे त्याची वृषणं निकामी करायची किंवा काढून टाकायची. जनावर शांत होतं, ऐकायला लागतं, हे माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे. वृषणांमधलं नेमकं काय गेल्यामुळे हे होतं, ते मात्र माहीत नव्हतं.

१८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणं काढली की कोंबड्याचा तुरा सुकतो, आरवणं बंद होतं, भांडणं थांबतात. पण काढलेलं वृषण त्याच्याच पोटात दुसऱ्या जागी बसवलं, तर तुरा पुन्हा वाढतो आणि कोंबडा पुन्हा आरवतो. म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी मिसळत असलं पाहिजे.

चाळीस वर्षांनी, १८८९ मध्ये, पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाचे बहात्तर वर्षांचे नामांकित शास्त्रज्ञ सभेत उभे राहिले. कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि आपली ताकद परत आली, असं त्यांनी जाहीर केलं. आज आपल्याला माहीत आहे, की तसल्या पाण्यातल्या अर्कात हार्मोन जवळजवळ उतरतच नाही. त्यांना आलेली ताकद बहुतेक मनाचीच होती. पण तरुणपण सुईतून मिळतं ही कल्पना तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्की बसली.

खरं द्रव्य हाती यायला १९३५ साल उजाडलं. ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलांच्या १०० किलो वृषणांमधून सुमारे १० मिलिग्रॅम स्फटिक काढले आणि त्याला नाव दिलं टेस्टोस्टेरॉन. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिका यांनी स्वतंत्रपणे ते प्रयोगशाळेत बनवण्याचा मार्ग शोधला. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं. आता बैल लागणार नव्हते. हवं तेवढं टेस्टोस्टेरॉन कारखान्यात बनणार होतं.

हॉलोवे

त्यानंतर घोडा यायला फार वेळ लागला नाही.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॉलोवे नावाचा एक घोडा होता. गाडीला जुंपून दुडक्या चालीने पळवायच्या शर्यतीतला. वय अठरा. या वयात शर्यतीचे घोडे केव्हाच निवृत्त झालेले असतात. हॉलोवेचीही चाल मंदावली होती. त्याच्या कातडीखाली टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या बसवल्या गेल्या आणि पुन्हा सराव सुरू झाला. काही महिन्यांत तो शर्यती जिंकायला लागला, वरच्या क्रमांकांत यायला लागला. एकोणिसाव्या वर्षी त्याने आपल्या वयाच्या घोड्यांमध्ये वेगाचा विक्रम केला, असं नोंदलं गेलं.

स्टेरॉइडचा इतिहास लिहिणारे हा किस्सा आवर्जून सांगतात. खेळाच्या मैदानात या औषधाने दाखवलेला हा पहिल्या काही चमत्कारांपैकी एक. पण किस्सा सांगताना एक तपशील पटकन मागे पडतो. हॉलोवे खच्ची होता. त्याची वृषणं केव्हाच काढलेली होती. त्याच्या शरीरात जे अजिबात बनत नव्हतं, ते बाहेरून दिलं गेलं. त्याच्याकडे गमवायला काही नव्हतंच.

पुढे हेच औषध ज्या घोड्यांना दिलं गेलं, त्यांच्याकडे गमवायला होतं.

टाकीतला फ्लोट

आता रागाची गोष्ट.

टेस्टोस्टेरॉनचे स्फटिक मिळाले १९३५ साली. त्याच्याही तीन वर्षं आधी, १९३२ मध्ये, शिकागो विद्यापीठात कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांनी एक कोडं सोडवलं होतं. प्राइस तेव्हा मूर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या, त्यांची पीएचडी अजून व्हायची होती. नर उंदरांना मादीचं हार्मोन दिलं की त्यांची वृषणं आकसतात, हे लोकांना दिसलं होतं. त्यावर एक सोपा सिद्धान्त होता, की नराचं आणि मादीचं हार्मोन एकमेकांचे वैरी आहेत. पण मूर आणि प्राइस यांनी नर उंदरांना नराचंच हार्मोन दिलं, तरीही वृषणं आकसली. मग वैर कुणाचं कुणाशी?

वैर कुणाचंच नव्हतं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. ती रक्तातून वृषणांना निरोप पाठवत असते : काम चालू ठेवा. रक्तात हार्मोन पुरेसं आहे असं तिला दिसलं की ती निरोप पाठवणं थांबवते. मग ते हार्मोन कुठून आलं, याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. उंदराला हार्मोनसोबत पिट्युटरीचा अंशही दिला, तर वृषणांचं नुकसान टळत होतं.

आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो, तसंच हे. पाणी खाली गेलं की फ्लोट खाली येतो आणि मोटार चालू होते. टाकी भरली की मोटार बंद. आता रोज वरून टँकरचं पाणी ओतत राहिलात तर? टाकी काठोकाठ भरलेली, घराघरात नळाला धो धो पाणी, आणि मोटार महिनोन् महिने बंद. फ्लोट बिघडलेला नाही. तो त्याचं काम चोख करतोय.

यात एक गोम आहे, आणि पैदाशीचा सगळा प्रश्न तिथेच अडकलेला आहे. समजा, मोटारीच्या पाइपलाच थेट एक नळ जोडलेला आहे. टाकीचं पाणी त्याला येतच नाही, मोटार चालू असेल तेव्हाच, आणि तेही जोरात, पाणी येतं. शुक्राणू तयार होण्याची जागा म्हणजे हा नळ. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त असतं आणि शुक्राणूंना ते तेवढंच लागतं. इंजेक्शनने रक्त भरतं, वृषण भरत नाही. म्हणून स्नायू फुगतात, आवाज चढतो, अंगात रग येते, आणि आत शुक्राणूंचं काम थंडावतं.

हे १९३२ पासून शास्त्राला ढोबळमानाने माहीत होतं. माझ्या रूममेटने बाटली घेतली त्याच्या सुमारे नव्वद वर्षं आधीपासून.

कोलोरॅडोचे घोडे

टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत थोडे फेरफार करून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची भावंडं तयार केली. उद्देश असा, की स्नायू वाढावेत पण ‘नरपणा’ फार वाढू नये. यांना ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणतात. घोड्यांच्या जगात दोन नावं गाजली. एक बोल्डेनोन, जे ‘इक्विपॉइज’ या नावाने विकलं गेलं. नावातला ‘इक्वि’ म्हणजेच घोडा. दुसरं स्टॅनोझोलॉल, म्हणजे ‘विन्स्ट्रॉल’. कागदोपत्री ही औषधं अशक्त, आजारातून उठलेल्या, वजन उतरलेल्या घोड्यांसाठी होती. अंग भरावं, भूक वाढावी, केसांवर तकाकी यावी म्हणून. शस्त्रक्रियेनंतर खंगलेल्या घोड्याला त्यांचा उपयोग होतोही. पण शर्यतीच्या तबेल्यात ती धडधाकट तरुण घोड्यांना दर काही आठवड्यांनी दिली जाऊ लागली. इक्विपॉइज तेलात विरघळवलेलं असतं. एकदा टोचलं की आठवडेच्या आठवडे हळूहळू रक्तात उतरत राहतं.

आता शर्यतीच्या घोड्याचं अर्थशास्त्र बघा. थरोब्रेड जातीचा घोडा दोन-चार वर्षं पळतो. जिंकला तर खरी कमाई त्यानंतर, पैदाशीतून. या जातीत कृत्रिम रेतनाला परवानगी नाही. शिंगराची नोंदणी व्हायची असेल तर नर आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आणावीच लागतात. लोकप्रिय नर एका हंगामात शंभराहून जास्त घोड्यांना लावला जातो आणि प्रत्येक वेळचे पैसे मोजले जातात. म्हणजे तो पळत असतो तेव्हा त्याची सगळ्यात मोठी ठेव त्याच्या वृषणांत असते. आणि इंजेक्शन नेमकं तिथे घाव घालतं.

घोड्यांवर हे तपासून पाहणारं महत्त्वाचं काम अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत झालं. १९७९ मध्ये तिथल्या संशोधकांनी नर घोड्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्यावर काय होतं ते प्रसिद्ध केलं. १९८२ मध्ये तरुण नरांना ॲनाबॉलिक स्टेरॉइड देऊन तेच पाहिलं. निष्कर्ष मूर आणि प्राइस यांच्या उंदरांपेक्षा वेगळा नव्हता. वृषणं लहान राहिली, शुक्राणूंची निर्मिती घटली. पैदाशीच्या घोड्याला हे देऊ नका, असं आज पशुवैद्यकाची पुस्तकं सांगतात.

फसगत अशी, की बाहेरून काही कळत नाही. घोडा उलट जास्तच ‘नर’ दिसतो. मान जाड, अंगात मस्ती, घोडी दिसली की खिंकाळतो. रक्तात हार्मोन भरपूर असतंच ना! खरी परिस्थिती वृषणाची रुंदी मोजल्यावर आणि वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच कळते.

औषध थांबवल्यावर बहुतेक घोडे सावरतात. पण त्याला वेळ लागतो, आणि हा वेळ पैशाने कमी होत नाही. घोड्याच्या वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५७ दिवस लागतात. नंतर बाहेरच्या नळीतून पुढे सरकत पिकायला आणखी आठवडाभर किंवा थोडं जास्त. त्याआधी तेलातलं औषध संपलं पाहिजे, पिट्युटरीने पुन्हा निरोप पाठवायला सुरुवात केली पाहिजे. अमेरिकेतल्या मोठ्या शर्यती नोव्हेंबरच्या सुमाराला संपतात. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. घोडीला अकरा महिने लागतात. त्यामुळे शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच जन्मावं, यासाठी पैदाशीचा हंगाम फेब्रुवारीत उघडतो. नोव्हेंबरपर्यंत इंजेक्शन चालू असेल, तर फेब्रुवारीत दारात उभ्या राहिलेल्या घोड्यांसाठी गणित जमणं कठीण.

औषध चांगलं, जागा चुकीची

वाचत गेलो तसं लक्षात आलं, की स्टेरॉइड हा एकटाच धोका नाही. आणि दुसरी औषधं तर चोरून दिलेलीही नसतात.

ॲसेप्रोमाझिन हे घोड्याला शांत करणारं रोजच्या वापरातलं औषध. नाल मारायचा आहे, ट्रकमध्ये चढवायचा आहे, दे. खच्ची घोड्यात आणि घोडीत ते बहुतेक वेळा निर्धास्त वापरलं जातं. पण नरात एक दुर्मीळ, भयानक गोष्ट होऊ शकते. या औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात, शिश्नातलं रक्त परतत नाही, ते बाहेर लोंबतच राहतं, सुजतं, त्याच्या नसा निकामी होतात. वेळीच उपचार झाला नाही तर तो घोडा पैदाशीला कायमचा मुकतो. म्हणून जाणते पशुवैद्य पैदाशीच्या नराला शांत करायचं असेल तर दुसरा पर्याय आधी बघतात.

दुसरं उदाहरण आल्ट्रेनोजेस्टचं. हे मुळात घोडीचं औषध, तिच्या माजाचं चक्र आवरण्यासाठी. पण सरावाच्या वेळी दांडगाई करणाऱ्या नरालाही ते देतात, कारण त्याने तो शांत होतो. तो शांत का होतो? पुन्हा तोच फ्लोट. पिट्युटरीला वाटतं, पुरेसं आहे, आणि घोड्याचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन खाली येतं. लांबवर दिलं तर वृषणं आणि वीर्य दोन्हींवर परिणाम होतो. म्हणजे एका औषधाने घोडा मस्तवाल होतो, दुसऱ्याने गरीब गाय होतो, आणि आत मोटार दोन्हीकडे बंद.

नर म्हणजे काय याबद्दलच्या आपल्या कल्पना किती कच्च्या आहेत, त्याचा एक पुरावा १९३४ चा आहे. बर्नहार्ड झोंडेक यांना नर घोड्याच्या लघवीत प्रचंड प्रमाणात ईस्ट्रोजेन सापडलं. ज्याला आपण ‘बायकी’ हार्मोन म्हणतो, तेच. आणि ते येतं घोड्याच्या वृषणांतूनच. जगातला सगळ्यात रुबाबदार नर प्राणी हे हार्मोन भरभरून बनवतो. हा कारभार इतका गुंतागुंतीचा आहे, आणि आपण त्यात एक सुई खुपसून म्हणतो, थोडं ‘नरपण’ वाढवू.

सिगार

प्रत्येक वांझ घोड्यामागे औषधच असतं असं नाही, हेही सांगायला हवं. सिगार नावाच्या अमेरिकन घोड्याने १९९४ ते १९९६ दरम्यान सलग सोळा शर्यती जिंकल्या. पहिला दुबई वर्ल्ड कप त्याचाच. कमाई ९९,९९,८१५ डॉलर, एक कोटीला फक्त १८५ कमी. १९९७ मध्ये केंटकीत त्याला चौतीस घोड्या लावल्या. एकही गाभण राहिली नाही. त्याच्या शुक्राणूंमध्येच दोष होता. तज्ज्ञांचे उपचार झाले, उपयोग झाला नाही. शेवटी विमा कंपनीने अडीच कोटी डॉलर भरले आणि सिगार केंटकी हॉर्स पार्कमध्ये लोकांना दर्शन देत २०१४ पर्यंत जगला. त्याच्या दोषाला कुठल्या औषधाशी जोडायला काही आधार नाही, आणि मी जोडत नाही.

सिगारची गोष्ट मी वेगळ्या कारणासाठी सांगतोय. या धंद्यात नराच्या वांझपणाचा विमा निघतो. नर विकत घ्यायच्या आधी त्याची रीतसर तपासणी होते. वृषणं मोजतात. तासाभराच्या अंतराने दोनदा वीर्य घेतात. दुसऱ्या वेळच्या नमुन्यात नीट पोहणारे, नीट घडलेले किमान १०० कोटी शुक्राणू असावेत, असा अमेरिकेतल्या पशुप्रजनन तज्ज्ञांचा निकष आहे. घोडी गाभण राहिली नाही तर नराचा कागद आधी बाहेर निघतो. पैसे त्याच्यावर लागलेले असतात ना.

महिन्याची पंधरा तारीख

२००८ च्या मे महिन्यात बिग ब्राउन नावाच्या घोड्याने केंटकी डर्बी जिंकली, दोन आठवड्यांनी प्रीकनेस जिंकली. तिसरी बेलमाँट जिंकला असता तर तीस वर्षांत कुणाला न जमलेला तिहेरी मुकुट त्याचा होता. तेव्हाच त्याचे प्रशिक्षक रिक डट्रो यांनी मोकळेपणाने सांगितलं, की त्यांच्या घोड्यांना दर महिन्याच्या पंधरा तारखेला विन्स्ट्रॉल दिलं जातं. हे सांगताना त्यांना संकोच वाटायचं कारण नव्हतं, कारण ते त्या राज्यांत तेव्हा बेकायदा नव्हतं. बिग ब्राउनचा पुढचा डोस थांबवला गेला. ७ जूनला बेलमाँटमध्ये तो शेवटचा आला. इंजेक्शन नव्हतं म्हणून हरला, की खुराला गेलेली चीर, उन्हाळा आणि दमणूक नडली, यावर लोक भांडत राहिले. त्याच महिन्यात विषय अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे गेला आणि पुढच्या वर्षभरात बहुतेक राज्यांनी शर्यतीच्या घोड्यांना स्टेरॉइड देण्यावर बंधनं आणली.

बिग ब्राउन पुढे पैदाशीला गेला आणि त्याला शिंगरं झाली. म्हणजे स्टेरॉइड दिलेला प्रत्येक घोडा वांझ होतो असं नाही. डोस, वय, किती महिने, कधी थांबवलं, यावर सगळं ठरतं. पण एका हंगामापुरता कायदेशीर जुगार खेळायचा, की नाही, हे ठरवताना घोड्याला कुणी विचारलं नव्हतं.

ब्रिटनमध्ये नियम आधीपासून कडक होते, तरी २०१३ च्या एप्रिलमध्ये न्यूमार्केटच्या गोडॉल्फिन तबेल्यातल्या घोड्यांत स्टेरॉइड सापडले. प्रशिक्षक महमूद अल झरूनी यांच्यावर आठ वर्षांची बंदी आली. नंतरच्या तपासणीत सापडलेल्या घोड्यांत आदल्या वर्षीची सेंट लेजर जिंकलेला एन्की होता. त्यानंतर ब्रिटनने नियम आणखी आवळले : आयुष्यात केव्हाही स्टेरॉइड दिलेलं सापडलं, तर घोडा चौदा महिने शर्यतीबाहेर.

म्हणजे घोड्यांना आता बऱ्यापैकी संरक्षण आहे. त्यांचं रक्त तपासलं जातं, लघवी तपासली जाते. आणि तबेल्यातून हद्दपार झालेलं तेच औषध आपल्या गल्लीतल्या जिममध्ये, तपासणीशिवाय, बाटलीवर घोड्याचं चित्र लावून पोचलेलं आहे.

आधी कोण?

एवढा इतिहास वाचून मला एक साधी गोष्ट दिसली. या औषधाचा फायदा आणि त्याचं बिल एकाच माणसाला, एकाच वेळी मिळत नाही. कप प्रशिक्षकाला आज मिळतो, रिकामी घोडी पुढच्या वसंतात दुसऱ्याच कुणाच्या तबेल्यात उभी असते. फायदा आरशात सहा आठवड्यांत दिसतो, बिल येतं तेव्हा आपण ते इंजेक्शन विसरलेलो असतो.

माझ्या रूममेटच्या घरी ते बिल त्याच्या बायकोकडे गेलं होतं. वर्षभर सुया तिने टोचून घेतल्या. प्रत्येक सणाला ‘काय, गोड बातमी कधी?’ हा प्रश्न तिला विचारला गेला. तिच्या सासूने तिच्यासाठी उपास धरले. आणि हे सगळं होत असताना एक दंड फुगवलेला इसम हॉलमध्ये बसून प्रोटीन शेक पीत होता, ज्याची तपासणी काही शे रुपयांत, एका सकाळी झाली असती. हे शब्द माझे नाहीत, त्याचेच आहेत.

घोड्यांच्या बाजारात आधी नर तपासतात. आपल्या घरात आधी बाई.

त्याने इंजेक्शनं बंद केली. डॉक्टरांनी सांगितलं, बहुतेकांचं परत येतं, पण महिने मोजायची तयारी ठेवा. माणसाच्या शुक्राणूला घोड्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, साधारण ७४ दिवस. त्याआधी मोटार चालू व्हायला किती लागतील, ते ज्याचं त्याचं शरीर ठरवतं. पहिले काही आठवडे वाईट गेले. बाहेरचं हार्मोन संपलेलं, स्वतःचं सुरू झालेलं नाही. सकाळी उठवत नव्हतं, चिडचिड, रडूसुद्धा यायचं. दंड उतरले. जिममधल्या मित्रांनी विचारलं, आजारी आहेस का? त्याने पहिल्यांदा खरं सांगितलं. त्यातल्या दोघांनी नंतर एकेकटं गाठून त्याच्याकडून डॉक्टरांचा नंबर घेतला.

घरी त्याने आईला समोर बसवून सांगितलं, की दोष माझ्यात आहे आणि तो मी विकत आणलाय. बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती. आई काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी मात्र सुनेसाठीचा उपास त्यांनी धरला नाही.

दुसरा रिपोर्टही शून्यच आला. गेल्या महिन्यात तिसरा आला. त्यात संख्या लिहिण्याइतके नव्हतेच, पण शेऱ्याच्या जागी होतं : ‘तुरळक आढळले.’ रात्री साडेअकराला पुन्हा फोटो आला. खाली फक्त लिहिलं होतं, ‘मोटार सुरू झाली रे.’

मी विचारलं, या सगळ्यावर लिहू का? नाव नाही घालणार.

‘‘लिही,’’ तो म्हणाला. ‘‘पण त्या बाटलीवरच्या घोड्याचं नक्की लिही. लोकांना वाटतं, ब्रँडिंग आहे.’’